महाविद्यालयाचे वेळापत्रक: एआय सहायकाला कोणते काम द्यावे आणि कोणते नाही

बहुतेक महाविद्यालयांत वेळापत्रक एकाच माणसाच्या डोक्यात असते. स्टाफरूममधल्या तीन पाटील सरांपैकी कोणाचा मंगळवारी दुसऱ्या कॉलेजात तास असतो, चौदा नंबरच्या खोलीत साठ बाके असली तरी मागच्या दोन ओळींना फळा का दिसत नाही, कोणत्या मॅडमना तिसरा मजला चढवत नाही, डोंगराकडच्या गावांतल्या मुलींची शेवटची एसटी किती वाजता सुटते, हे सगळे त्या एकाला पाठ असते. तो माणूस निवृत्त झाला की नवी समिती जूनमध्ये पहिल्यापासून चाचपडायला लागते आणि ऑगस्ट उजाडला तरी सूचना फलकावर सुधारित वेळापत्रके लागत राहतात. तोवर सत्राचा तिसरा हिस्सा सरलेला असतो.

नव्या शैक्षणिक धोरणाने हे ओझे आणखी वाढवले. २० एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांची नवी श्रेयांक रचना ठरली आणि २०२४-२५ पासून ती संलग्नित महाविद्यालयांत आली. पूर्वी ‘एफवाय बीएस्सी अ’ ही तुकडी दिवसभर एकत्र असायची. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, कौशल्याचे विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे फाटे फुटतात आणि एका बाकावरच्या दोन मुलांचे वेळापत्रकही सारखे राहत नाही. ओपन इलेक्टिव्ह तर मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. म्हणजे विज्ञानाच्या मुलांना कला किंवा वाणिज्यच्या वर्गात जाऊन बसायचे असते आणि तीनही शाखांची वेळापत्रके एकमेकांत अडकतात.

अशा वेळी चॅटजीपीटी, जेमिनी, क्लॉड यांपैकी एखादा सहायक उघडून ‘आमच्या कॉलेजचे वेळापत्रक बनवून दे’ असे सांगण्याचा मोह होतो. तो टाळा. सहायक चौकटी भरून देईल, त्या नीटनेटक्या दिसतील आणि ‘कुठेही क्लॅश नाही’ असे खाली आत्मविश्वासाने लिहिलेलेही असेल. पण भाषेचे हे प्रारूप शब्दामागून शब्द रचत जाते. तीनशे तासिका, चाळीस शिक्षक आणि वीस खोल्या एकाच वेळी ध्यानात ठेवून प्रत्येक चौकट पडताळणे त्याच्या स्वभावात नाही. क्लॅश कुठेतरी राहतोच आणि तो पहिल्या सोमवारी, दोन वर्ग एकाच दारासमोर उभे राहिल्यावर कळतो.

यामागचे गणित जुने आहे. शिमॉन इव्हेन, अलोन इताई आणि आदी शमीर यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले की वेळापत्रकाचा प्रश्न, त्याच्या बऱ्याच साध्या रूपातसुद्धा, एनपी-कम्प्लीट आहे. शिक्षक आणि तासिका वाढत गेल्या की उत्तर शोधण्याचे काम झपाट्याने अवघड होते आणि हमखास झटपट उत्तर देणारी रीत कोणाच्या हाती नाही. मात्र तयार वेळापत्रक बरोबर आहे की नाही हे तपासणे अगदी सोपे असते. पुढची सारी कृती या एका गोष्टीवर उभी आहे. शोधण्याचे काम त्यासाठी बनवलेल्या सॉफ्टवेअरला द्यायचे, तपासणी वेगळी करायची आणि एआय सहायकाला या दोन्हींच्या आधीचे आणि मधले काम सांगायचे: माणसांच्या बोलण्यातून नियम काढणे, त्यांचे तक्ते करणे, छोटे प्रोग्रॅम लिहिणे, निरोप तयार करणे. समितीचा सर्वांत जास्त वेळ याच कामांत जातो.

पहिली पायरी: आधी बेरीज

एप्रिलच्या अखेरीस, गेल्या वर्षीच्या प्रवेशसंख्येवर हे काम उरकून घ्या. प्रवेश ऑगस्टपर्यंत चालतात म्हणून थांबू नका. आकडे पुढे बदलतील, सूत्रे तीच राहतील.

थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात १५ तास, प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे ३० तास. १५ आठवड्यांचे सत्र धरले तर दोन श्रेयांकांच्या थिअरीला आठवड्याला २ तास लागतात आणि दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिकाला दर बॅचमागे ४ तास. तुमच्याकडे तासिका ४८ मिनिटांची असेल, तर विद्यापीठ ती पूर्ण तास धरते की घड्याळी मिनिटे मोजते, हे परिपत्रकात आधी पाहून घ्या. सगळा हिशेब त्यावर फिरतो.

आता तालुक्याच्या गावातले एक विज्ञान महाविद्यालय कल्पून पाहू. रसायनशास्त्राची प्रयोगशाळा एकच. सकाळी ८ ते १२ आणि दुपारी १२.३० ते ४.३० असे दिवसाला दोन ब्लॉक, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे एकूण १२ ब्लॉक. एफवायला १०० मुले, बॅच २० ची, म्हणून ५ ब्लॉक. एसवायला ६० मुले, ३ ब्लॉक. टीवायला ४० मुलांच्या दोन बॅच आणि प्रत्येकीची दोन प्रात्यक्षिके, ४ ब्लॉक. झाले १२. प्रयोगशाळा काठोकाठ भरली आणि ज्युनियर कॉलेजचे दोन ब्लॉक अजून बाहेरच आहेत. बॅच २५ ची केली तर एफवायचा एक ब्लॉक वाचतो, बाकीचे तसेच राहतात. ११ अधिक २ म्हणजे १३. तरीही एक ब्लॉक जास्तच.

हा निकाल कागदावर पाच मिनिटांत लागतो. तो न लावता जगातले कोणतेही सॉफ्टवेअर रात्रभर चालवले तरी तेरावा ब्लॉक बाराव्यात बसणार नाही. टीवायचे एखादे प्रात्यक्षिक दुसऱ्या विभागाच्या प्रयोगशाळेत हलवायचे, की ज्युनियरसाठी वेगळी वेळ काढायची, हे प्राचार्यांनी आणि विभागप्रमुखांनी मे महिन्यातच ठरवायला हवे.

ओपन इलेक्टिव्हची बेरीजही अशीच. पहिल्या वर्षाला तीनही शाखांची मिळून ६०० मुले असतील आणि वर्ग ६० चा असेल, तर एकाच वेळी १० खोल्या आणि १० शिक्षक मोकळे लागतात. मोठ्या खोल्या आठच असतील तर सगळ्यांना एकच सामाईक वेळ देता येणार नाही. दोन गट पाडावे लागतील आणि कोणत्या शाखेच्या मुलांनी कोणत्या गटातले विषय निवडायचे, हे प्रवेशाच्या वेळीच सांगावे लागेल.

इथे सहायकाकडून काय घ्यायचे? उत्तर घेऊ नका, सूत्रे घ्या. ‘या तक्त्यात विद्यार्थीसंख्या, बॅचचा आकार, श्रेयांक आणि प्रकार असे स्तंभ आहेत. प्रत्येक खोलीला आठवड्याला किती ब्लॉक लागतात ते काढणारी एक्सेलची सूत्रे दे. भागाकारात उरलेल्या मुलांसाठी पूर्ण बॅच धर.’ हे शेवटचे वाक्य मुद्दाम घाला. ४० मुलांना २५ ने भागल्यावर १.६ बॅच कधीच भरत नाहीत. सूत्र हाती आले की आकडा एक्सेल काढते आणि आपण तो बोटावर पडताळू शकतो.

दुसरी पायरी: अटी गोळा करणे

सहायकाची खरी किंमत इथे कळते, म्हणून या पायरीला घाई करू नका. विभागप्रमुखांकडून अटी येतात त्या व्हॉट्सॲपवर, चिठ्ठीवर, जिन्यात भेटल्यावर. ‘नेहमीप्रमाणे ठेवा’, ‘मला सकाळचे नको’, ‘प्रॅक्टिकलनंतर लगेच थिअरी देऊ नका’, ‘शनिवारचं बघा जरा’. यातल्या प्रत्येक वाक्यात एकापेक्षा जास्त अर्थ दडलेले असतात. ‘सकाळचे नको’ म्हणजे साडेसातचे नको की दहाच्या आधीचे काहीच नको? रोज नको की फक्त सोमवारी, गावाहून परत येतात त्या दिवशी नको?

हे सारे निरोप एकत्र करा. नावांच्या जागी संकेत घाला (त्याबद्दल पुढे येईलच) आणि सहायकाला असे सांगा:

‘खाली शिक्षकांचे निरोप आहेत. प्रत्येक निरोपातून एकेक अट वेगळी काढ आणि तक्ता कर. स्तंभ असे: अट क्रमांक, कोणासाठी, नेमकी अट, दिवस आणि वेळ, कारण सांगितले असल्यास कारण, कोणी सांगितले, कधीपर्यंत लागू. जिथे निरोपाचे दोन अर्थ होतात तिथे स्वतः अर्थ ठरवू नकोस. अशा निरोपांची वेगळी यादी कर आणि प्रत्येकासाठी मी विचारावा असा एकच छोटा प्रश्न मराठीत लिहून दे. निरोपात नसलेली कोणतीही अट घालू नकोस.’

शेवटची दोन वाक्ये सर्वांत महत्त्वाची. ती नसतील तर सहायक रिकाम्या जागा आपल्या अंदाजाने भरतो. ‘दुपारी १ ते २ जेवणाची सुट्टी’ अशी अट कोणीही न सांगता तक्त्यात अवतरते, कारण इतर हजारो वेळापत्रकांत ती असते. म्हणून तक्त्यातली प्रत्येक ओळ मूळ निरोपाशी ताडून पाहा. ज्या ओळीपुढे ‘कोणी सांगितले’ हा स्तंभ रिकामा आहे ती खोडा.

निरोपांतून येत नाहीत अशा अटीही असतात, कारण ज्यांना त्या जाचतात ते निरोप पाठवत नाहीत. त्या समितीने स्वतः शोधायच्या. शेवटची एसटी किती वाजता सुटते आणि ती गाठायला मुलींना फाटकातून किती वाजता निघावे लागते? ज्युनियर कॉलेजच्या मुली मानव विकासच्या बसने येत असतील तर तिची सकाळची वेळ काय? आठवडी बाजाराच्या दिवशी कोणत्या गावांची उपस्थिती घटते? शुक्रवारी दुपारी नमाजाला जाणारे विद्यार्थी आणि शिक्षक किती? चाकाच्या खुर्चीवर येणारा विद्यार्थी कोणत्या तुकडीत आहे आणि त्याचे सगळे तास तळमजल्यावर आहेत का? सहायकाला ‘ग्रामीण महाराष्ट्रातल्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकात कोणत्या अटी सहसा विसरल्या जातात, त्याची प्रश्नावली दे’ असे विचारले तर तो बरी यादी देतो. पण तुमच्या गावच्या एसटीची वेळ त्याला विचारू नका. ती स्थानकावरच्या फलकावरून घ्या.

तासिका तत्त्वावर (सीएचबी) शिकवणाऱ्या प्राध्यापकांच्या अटी मी नेहमी पहिल्यांदा लिहितो. नियमित सहायक प्राध्यापकाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे आठवड्याला १६ तास थेट अध्यापन असते आणि पगार महिन्याचा असतो. दोन तासांमधली मोकळी वेळ त्याच्या पगारात धरलेली असते. सीएचबीवरच्या माणसाला शिकवलेल्या तासाचेच पैसे मिळतात. सकाळी नऊला एक तास, दुपारी एकला दुसरा आणि मधले तीन तास स्टाफरूममध्ये बसून काढायचे, असे वेळापत्रक दिले तर तो दिवस त्याच्या खिशातून जातो आणि दुसऱ्या कॉलेजातला तासही हातचा सुटतो. त्यांची एकत्र सलग वेळ ही अट तक्त्यात स्वतंत्र ओळ म्हणून लिहाच. ती कोणी मागत नाही, कारण मागायची त्यांना सोय नसते.

तिसरी पायरी: सक्तीचे कोणते, सोयीचे कोणते

अटी शंभराच्या पुढे गेलेल्या असतील. त्या सगळ्या पाळल्या जाणे शक्य नाही. प्रत्येकीपुढे ‘सक्तीची’ किंवा ‘सोयीची’ असे लिहायचे. एका शिक्षकाला एका वेळी दोन वर्ग नाहीत, खोलीच्या क्षमतेपेक्षा जास्त मुले नाहीत, दुसऱ्या संस्थेत असलेला माणूस इथे नाही, शेवटच्या एसटीनंतर तास नाही, या सक्तीच्या. अवघड विषय दुपारी नको, कोणाला शनिवार मोकळा हवा, या सोयीच्या, आणि त्यांतही क्रम लावायचा.

हे वर्गीकरण सहायकावर सोपवू नका. मसुदा हवा तर घ्या, पण निर्णय स्टाफ मीटिंगमध्ये व्हावा आणि इतिवृत्तात नोंदवावा. ‘प्रमुखांनी आपल्या मित्राला शनिवार दिला’ ही कुजबुज थांबवण्याचा दुसरा उपाय मला दिसलेला नाही. एआयने ठरवले असे सांगून तर ती कुजबुज आणखी वाढते, कारण त्या उत्तराला जबाबदार कोण, हे कोणालाच कळत नाही.

चौथी पायरी: संकेत, तक्ते आणि गुप्तता

पाटील सर तीन असतील तर सहायकाला ते एकच वाटतील. कुलकर्णी, कुळकर्णी आणि ‘एस. कुलकर्णी’ हे एकच असतील तर त्याला तीन वाटतील. म्हणून प्रत्येक शिक्षकाला, खोलीला, विषयाला, गटाला संकेत द्या: रसा-०३, खो-१४, एफवाय-अ, एफवाय-अ-ब१. संकेत आणि नावांची जोडयादी समितीच्या संगणकावरच राहू द्या, सहायकाला देऊ नका.

याने दुसरेही काम साधते. कोणत्या मॅडमना तिसरा मजला का चढवत नाही, हे कारण बाहेर जायची गरज नाही. ‘जीव-०२ ला तळमजला किंवा पहिला मजला’ एवढे पुरते. विद्यार्थ्यांची नावे, पीआरएन, मोबाइल क्रमांक, जात प्रवर्ग असलेली प्रवेशाची फाइल सहायकाला कधीही देऊ नका. ज्युनियर कॉलेजची बहुतेक मुले १८ वर्षांखालची आहेत आणि २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याच्या भाषेत ती बालके आहेत. सहायकाला फक्त स्तंभांची नावे आणि चार काल्पनिक ओळी द्या. त्यावरून तो प्रोग्रॅम लिहून देतो आणि तो प्रोग्रॅम आपल्या संगणकावर खऱ्या फाइलवर चालवायचा.

याच रीतीने एक उपयोगी तक्ता करून घ्या: कोणत्या दोन विषयांना किती विद्यार्थी सामाईक आहेत. मायनर आणि ओपन इलेक्टिव्हच्या गर्दीत हा तक्ता नसेल तर पेच दिसतच नाहीत. ज्या जोडीसमोर शून्य आहे ते दोन विषय बिनधास्त एकाच वेळी ठेवता येतात. पुढे अंतर्गत परीक्षांचे वेळापत्रक लावतानाही हाच तक्ता कामी येतो.

एक सूचना एक्सेलबद्दल. खोलीला किंवा बॅचला ‘३-४’ असे नाव इंग्रजी अंकांत दिले तर एक्सेल त्याची तारीख करून टाकते आणि ती चूक पुढच्या सगळ्या तक्त्यांत झिरपते. संकेत अक्षराने सुरू करा.

पाचवी पायरी: बसवणे

आता शोधणारे सॉफ्टवेअर. महाविद्यालयाकडे विकत घेतलेले असेल तर ते वापरा. नसेल तर फेट हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. रुमानियातल्या लिव्हियू लालेस्कू यांनी ते २००२ मध्ये सुरू केले. साध्या संगणकावर, इंटरनेट नसतानाही चालते, त्यामुळे माहिती बाहेर जाण्याचा प्रश्न उरत नाही. ज्यांच्याकडे पायथन येणारा सहकारी आहे त्यांना गूगलचे ओआर-टूल्सही मोफत वापरता येते. सहायक त्यासाठीचा प्रोग्रॅम लिहून देतो, पण तो वाचून समजून घेणारा माणूस कॉलेजात नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

फेटमध्ये शेकडो तासिका हाताने भरणे जिकिरीचे होते. ते सीएसव्ही फाइलमधून घेते, म्हणून वर्कलोडच्या तक्त्यावरून ती फाइल बनवण्याचे काम सहायकाला द्या. प्रत्येक ओळीत विद्यार्थी-गट, विषय, शिक्षक, आठवड्याचे एकूण तास आणि त्यांचे तुकडे लागतात. आठवड्याला तीन तासांची थिअरी असेल तर तुकडे १+१+१, चार तासांचे प्रात्यक्षिक असेल तर सलग ४. फाइल घेतल्यावर फेटने दाखवलेली तासांची बेरीज पहिल्या पायरीतल्या बेरजेशी जुळली पाहिजे. एका तासाचाही फरक असेल तर पुढे जाऊ नका.

मग अटी. तुमच्या तक्त्यातली अट फेटच्या कोणत्या पर्यायाने मांडायची, हे सहायकाला विचारता येते. ‘सगळे ओपन इलेक्टिव्ह एकाच वेळी सुरू व्हावेत’ यासाठी एकाच आरंभवेळेचा पर्याय आहे. ‘सीएचबी शिक्षकाला मधली रिकामी वेळ नको’ यासाठी रिकाम्या तासांवर मर्यादा घालता येते. सहायक कधीकधी अस्तित्वात नसलेल्या पर्यायाचे नावही ठामपणे सांगतो. मेनूमध्ये सापडले नाही तर ते नाही असे समजा आणि दुसरा मार्ग विचारा.

सगळ्या अटी एकदम घालू नका. प्रथम फक्त सक्तीच्या घाला आणि चालवा. जमले तर ती प्रत जतन करा. मग सोयीच्या अटी क्रमाने, पाच-पाचच्या गटाने घाला आणि दर वेळी पुन्हा चालवा. गाडी अडली की दोष शेवटच्या पाचांत आहे हे उघड होते. फेट अडल्यावर अवघड ठरलेल्या तासिकांची यादीही दाखवते. ती यादी आणि अटींचा तक्ता सहायकाला देऊन ‘या तासिकांवर कोणकोणत्या अटी एकाच वेळी लागू आहेत ते मांड, आणि त्यांपैकी कोणती एक सैल केली तर सर्वांत कमी लोकांना त्रास होईल ते तीन पर्यायांत सांग’ असे विचारा. पर्याय कोणता घ्यायचा ते तिसऱ्या पायरीतल्या क्रमावरून समितीने ठरवायचे.

सहावी पायरी: तपासनीस

सॉफ्टवेअरने दिलेले वेळापत्रक बरोबर आहे, पण ते तुम्ही दिलेल्या माहितीपुरतेच. म्हणून वेगळा तपासनीस हवा. सहायकाकडून एक छोटा प्रोग्रॅम लिहून घ्या आणि तो नव्या संभाषणात, फेटचा उल्लेख न करता लिहून घ्या, म्हणजे आधीच्या गृहीतांची सावली त्यावर पडत नाही. प्रोग्रॅमने इतके पाहावे: शिक्षक एका वेळी एकाच ठिकाणी आहे का, खोली एका वेळी एकाच गटाला दिली आहे का, गट एका वेळी एकाच तासाला आहे का, प्रत्येक विषयाचे आठवड्याचे तास पूर्ण भरतात का, खोलीची क्षमता पुरते का, शिक्षकाचे एकूण तास वर्कलोडइतके आहेत का.

यातली गटाची तपासणी काळजीपूर्वक सांगा. ‘एफवाय-अ’ची थिअरी आणि ‘एफवाय-अ-ब१’चे प्रात्यक्षिक एकाच वेळी असेल तर तो क्लॅश आहे, कारण बॅच त्या तुकडीतलीच आहे. पण प्रोग्रॅमला ही दोन वेगळी नावे वाटतात आणि तो गप्प राहतो. सहायकाने लिहिलेल्या तपासनीसांत ही उणीव वारंवार दिसते. कोणता उपगट कोणत्या गटात मोडतो, याची यादी त्याला द्यावीच लागते.

तपासनीसावर विश्वास ठेवण्याआधी त्याची परीक्षा घ्या. वेळापत्रकाच्या एका प्रतीत मुद्दाम चार चुका घाला: एका शिक्षकाला दोन वर्ग, एक तासिका गाळलेली, ६० च्या खोलीत ९० मुले आणि वर सांगितला तो तुकडी-बॅचचा क्लॅश. चारही पकडल्या तरच खरे वेळापत्रक त्यापुढे ठेवा.

सातवी पायरी: माणसांच्या बाजूने वाचणे

क्लॅश नसलेले वेळापत्रकही वाईट असू शकते. सहायकाकडून प्रत्येक शिक्षकासाठी एक गोषवारा काढून घ्या: आठवड्यात पहिले तास किती, शेवटचे किती, मधल्या रिकाम्या वेळा किती, शनिवारी काम आहे का. हा तक्ता वेळापत्रकाच्या मसुद्याबरोबर स्टाफरूममध्ये लावा. आकडे समोर असले की बोलणे मुद्द्यावर राहते आणि एकाच विभागाच्या वाट्याला सगळे साडेसातचे तास आले असतील तर ते समितीच्या आधी त्या विभागालाच दिसते.

विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहायला वेगळी रीत हवी. नेहमीच्या तुकड्यांकडे पाहून काही कळत नाही. विषयांची विचित्र जुळणी असलेले दहा विद्यार्थी निवडा: रसायनशास्त्र मेजर आणि भूगोल मायनर घेतलेला, एनसीसीत असलेला, मागच्या वर्षाचा विषय राहिलेला. प्रत्येकाचा आठवडा सलग लिहून काढा आणि वाचा. कोणाला सकाळी आठला प्रात्यक्षिक आणि मग थेट दुपारी तीनला भाषेचा तास आला असेल, तर तो मुलगा तीनपर्यंत थांबणार नाही, हे आपल्याला ठाऊक असते. सॉफ्टवेअरला ते कळत नाही. अशा ठिकाणी परत पाचव्या पायरीवर जायचे.

प्रसिद्ध करताना प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापा. शिक्षकनिहाय, तुकडीनिहाय आणि खोलीच्या दारावर लावायची अशी तीन प्रकारची पाने फेटमधूनच निघतात.

आठवी पायरी: सत्र सुरू झाल्यावर

सप्टेंबरात कोणीतरी प्रसूती रजेवर जाते, एखादी तुकडी वाढते, सीएचबीची नेमणूक उशिरा होते. तेव्हा पूर्ण वेळापत्रक नव्याने चालवू नका. मुलांना आणि शिक्षकांना जुने पाठ झालेले असते. बदल होणाऱ्या तासिका सोडून बाकी सगळ्या फेटमध्ये कुलूपबंद करा आणि मग चालवा. आधीच्या आणि नव्या आवृत्तीतला फरक सहायकाकडून काढून घ्या आणि ज्यांचे काही बदलले त्यांनाच निरोप पाठवा: ‘एसवाय-अ, बुधवारचा ११ चा गणिताचा तास आता गुरुवारी १२ वाजता, खोली १४.’

रोजच्या प्रॉक्सीसाठी दररोज सकाळी सहायक उघडण्याची गरज नाही. एकदाच त्याच्याकडून एक तक्ता बनवून घ्या. गैरहजर शिक्षकाचा संकेत घातला की त्या वेळेला मोकळे असलेले शिक्षक त्यात दिसतील. त्याच तुकडीला शिकवणारे वर येतील, म्हणजे प्रॉक्सीचा तास नुसती हजेरी घेण्यात न जाता त्यांच्या विषयाच्या कामी येतो, आणि त्यांतही महिन्यात सर्वांत कमी प्रॉक्सी घेतलेला पहिला असेल. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाला प्रॉक्सी दिली तर त्या तासाचे मानधन लावायचे की नाही, हे आधी कार्यालयाकडून लेखी घ्या.

दिवाळीच्या सुट्टीआधी अटींचा तक्ता पुन्हा काढा आणि ‘कधीपर्यंत लागू’ हा स्तंभ पाहा. मुदत संपलेल्या अटी पुढच्या सत्रासाठी खोडा, बाकीच्यांवर संबंधितांची सही पुन्हा घ्या. एसटी हिवाळ्यात वेळ बदलत असेल तर ती ओळ दुरुस्त करा. मग समसत्राच्या वर्कलोडवर पहिल्या पायरीची बेरीज लावा. तक्त्याची एक छापील प्रत प्राचार्यांच्या कार्यालयात आणि एक समितीच्या फाइलमध्ये ठेवा.